सोळा नंबरचा ट्रॉम्बोन

ट्रॉम्बोन वाजवतो असं सांगितलं की कोल्हापुरात दोनच प्रश्न येतात. एक, "ते पुढंमागं सरकवायचं असतंय तेच न्हवं?" आणि दुसरा, "सीझनला किती सुटतंय?" पहिल्याचं उत्तर आमच्या बँडात बरीच वर्षं "नाही" असंच होतं, कारण आमच्याकडं सगळे पिस्टनवाले ट्रॉम्बोन, ट्रंपेटसारखी तीन बटणं, आणि वरातीच्या गर्दीत स्लाइड पुढं काढली की कुणाच्यातरी पाठीत बसणार नाहीतर नवरदेवाच्या घोड्याला लागणार, त्यापेक्षा पिस्टन बरा. दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही. घरी पण देत नाही.

आज लिहायला बसलोय ते तिसऱ्या प्रश्नामुळं. शिरोली एमआयडीसीतली ड्युटी सुटली की माझ्याकडं संध्याकाळी चारदोन पोरं शिकायला येतात, त्यात एक नववीतली मुलगी आहे, आणि तिच्या वडलांनी परवा दारातच चप्पल न काढता विचारलं, "सर, ह्यात पुढं काय हाय? म्हंजे करिअर हो." सर म्हटल्यावर मी जरा दचकलोच, बँडात मला "ए ट्रॉम्बोन, इकडं ये" अशी हाक असते. त्यांना तिथल्या तिथं जे सांगितलं ते तुटक तुटक झालं, म्हणून हे जरा सविस्तर.

वरातीचं सोडून देऊ, त्याचं पुढं काय आहे ते डॉल्बीनं ठरवून टाकलंय. आधी परदेशातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोनवाला असतो तो काय करतो ते सांगतो. सत्तर-ऐंशी, कधी शंभर माणसांचा ताफा, त्यात व्हायोलिनवाले ढिगानं आणि ट्रॉम्बोन साधारण तीन. पहिला, दुसरा आणि तिसरा बास ट्रॉम्बोन, शेजारी ट्यूबा. आणि हे तिघं संध्याकाळचा बराचसा वेळ काय करतात तर गप्प बसतात आणि मात्रा मोजतात. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीत, म्हणजे चार भागांच्या मोठ्या रचनेत, १८०८ ची आहे ती, पहिले तीन भाग ट्रॉम्बोनला एक सूर नाही. वीसेक मिनिटं बसायचं, ओठ थंड पडतात, पितळ थंड पडतं, आणि चौथा भाग सुरू झाला की डायरेक्ट पूर्ण ताकदीनं सुरात घुसायचं, तिथं "जरा गरम होऊ दे" म्हणायला जागा नाही. राव्हेलच्या बोलेरोत त्याहून वाईट अवस्था, निम्मा तुकडा होऊन जातो, बासरीवाला, क्लॅरिनेटवाला सगळे आपापली सोलो वाजवून निवांत झालेले असतात आणि मग ट्रॉम्बोनवाल्याची पाळी येते, ती पण पहिलाच सूर वरच्या टिपेचा, एकट्याचा, बाकी सगळे हळू. चुकला तर अख्ख्या हॉलला कळतं.

शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्यांना हे पटकन कळेल, गोलकीपरचं काम आहे हे. तासभर बॉल तिकडंच, पब्लिक त्याला विसरलेलं, आणि मग एकच शॉट येतो आणि पेठेत पुढचा महिनाभर त्याच्याच नावानं शिमगा.

आणि खुर्च्या किती, तर वर सांगितल्या तेवढ्याच. एकदा माणूस बसला की उठत नाही. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये जोसेफ अलेसी १९८५ ला पहिल्या ट्रॉम्बोनच्या खुर्चीवर बसला तो पुढं दशकानुदशकं तिथंच. म्हणजे त्या वर्षी जी पोरं शिकून तयार झाली असतील त्यांच्यासाठी ती जागा जन्मभरासाठी गेली म्हणायची. म्हणून एखादी खुर्ची रिकामी झाली की तुटून पडतात लोक, देश सोडून जातात, पदरचं तिकीट काढून परीक्षेला जातात, आणि दहा मिनिटांत "थँक्यू" ऐकून परत येतात.

आता त्या वडलांना जी गोष्ट मी खरंतर सांगायला हवी होती ती. ॲबी कोनंट नावाची अमेरिकन बाई. ट्रॉम्बोनवाली. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये शिकलेली, इटलीत तुरिनच्या ऑपेरात वाजवत होती, आणि १९८० च्या सुमाराला तिनं युरोपातल्या अकरा ऑर्केस्ट्रांना अर्ज केले. उत्तर एकाचं आलं, म्युनिक फिलहार्मोनिकचं, आणि त्या पत्रावर मायना होता "हेर ॲबी कोनंट", म्हणजे श्रीयुत. नावावरनं त्यांना बाई आहे हे कळलंच नाही. ही पण काही बोलली नाही, गेली सरळ परीक्षेला, आणि मी पण तेच केलं असतं.

परीक्षा म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये झाली कारण ऑर्केस्ट्राची नवी इमारत अजून बांधून व्हायची होती. तेहतीस उमेदवार. त्यातला एक जण ऑर्केस्ट्रातल्या लोकांच्या ओळखीतल्या कुणाचातरी मुलगा होता, म्हणून भानगड नको म्हणून पहिल्या फेरीला पडदा लावला. त्या काळी युरोपात असा पडदा क्वचितच लागायचा. म्हणजे बघा, वशिल्याची शंका नको म्हणून लावलेला पडदा, बाईच्या फायद्यासाठी कुणी लावला नव्हता. हिचा नंबर सोळा. फर्डिनांड डेव्हिडचं कॉन्सर्टिनो, म्हणजे ट्रॉम्बोनसाठीची एक रचना, वाजवलं, जर्मनीत ट्रॉम्बोनच्या परीक्षेला ते ठरलेलंच असतं, १८३७ पासून पोरं त्याच्यावर घाम गाळतायत. एक सूर फाटला. हिला वाटलं गेलं सगळं, आत जाऊन सामान भरायला लागली. पडद्याच्या पलीकडं मात्र सेलिबिडाके, म्हणजे तिथला मुख्य कंडक्टर, ओरडलाच की आपल्याला हाच पाहिजे. उरलेले सतरा जण न वाजवताच घरी. मग सोळा नंबरला बाहेर बोलावलं आणि पडद्यामागनं बाई आली.

आणखी दोन फेऱ्या झाल्या, त्या पडद्याशिवाय, त्यातही ती टिकली, पहिल्या ट्रॉम्बोनची नोकरी मिळाली. इथं गोष्ट संपली असती तर मी ती बँडातल्या पोरांना चहाच्या गाड्यावर सांगून मोकळा झालो असतो. पण खरी गोष्ट पुढं आहे.

१९८१ च्या मे महिन्यात तिला बोलावून सांगितलं की तू आता दुसरा ट्रॉम्बोन. कारण काही नाही. पुन्हा एक वर्ष सिद्ध करून दाखव म्हणाले, तिनं केलं, काही फरक पडला नाही. सेलिबिडाकेनं तिला तोंडावर सांगितलं की सोलो, म्हणजे पहिल्या, ट्रॉम्बोनला आम्हाला पुरुष पाहिजे. ती कोर्टात गेली. तिथं ऑर्केस्ट्राचं म्हणणं काय, तर पहिल्या ट्रॉम्बोनला लागते ती शारीरिक ताकद हिच्यात नाही. मग बाईला फुफ्फुसाच्या दवाखान्यात पाठवलं. मशिनात फुंकायला लावलं, रक्त काढून ऑक्सिजन किती ओढला जातो ते मोजलं, छातीच्या डॉक्टरनं तपासलं. रिझल्ट सरासरीच्या कितीतरी वर. तिथल्या नर्सनं विचारलं म्हणे, तुम्ही खेळाडू आहात का. तरी केस चालूच. मग एका ट्रॉम्बोनच्या तज्ज्ञासमोर ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात अवघड सात जागा वाजवायला लावल्या. तो माणूस खूश. ती जिंकली, पहिली खुर्ची परत मिळाली, तोपर्यंत दशक संपत आलं होतं. त्यानंतर पगार. तिच्या बरोबरीच्या पुरुषांपेक्षा कमी पगार देत होते, त्यासाठी पुन्हा पाचेक वर्षं कोर्ट, आणि तेही जिंकली. परीक्षेपासनं धरलं तर तेरा वर्षं गेली ह्या सगळ्यात, आणि ह्या तेरा वर्षांत रोज संध्याकाळी त्याच लोकांच्या मधे बसून मात्रा मोजायच्या आणि वेळ आली की सूर फाटू द्यायचा नाही. मला सगळ्यात अवघड तेच वाटतं, कोर्ट नव्हे. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यालाच हे कळेल, मनात राग असला की छाती आखडते आणि छाती आखडली की सूर वर चढतो.

सेलिबिडाके लहान माणूस नव्हता, फार मोठा कंडक्टर, त्याच्या नावाची लोक अजून शपथ घेतात. कान पण थोर, त्या कानानंच तर तिला निवडली. डोळे उघडले आणि बिघडलं.

ही गोष्ट मी आमच्या मास्तरांना सांगितली. गंगावेशीत चहा पीत होतो. आमच्यात नवीन माणूस घ्यायचा म्हणजे मास्तर आधी त्याची छाती बघतात, मग उंची, मग युनिफॉर्म बसंल का ते, आणि शेवटी वाजवायला लावतात. मी म्हटलं मास्तर, आपण पण एकदा पडदा लावून बघूया की. मास्तर म्हणाले, "लाव की. पण तंबाखूच्या वासावरनं मला कोण ते कळतंयच." आणि ते खरंच आहे, त्यामुळं विषय तिथंच थांबला. नंतर मात्र गाडीवर बसता बसता त्यांनी विचारलं, "त्या बाईनं पुढं काय केलं?"

पुढं काय केलं ते मला सगळ्यात आवडतं. तिनं ती खुर्ची सोडली. जर्मनीत ट्रोसिंगेन म्हणून गाव आहे, तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठात ट्रॉम्बोनची प्रोफेसर झाली. बऱ्याच जणांना वाटतं, एवढं भांडून मिळवलेली जागा सोडली म्हणजे हरली. मला नाही तसं वाटत. खुर्चीवर एकच माणूस बसतो, शिकवायला लागलं की खोलीतनं दरवर्षी माणसं बाहेर पडतात, आणि ती जिथं जातील तिथं तुझा सूर घेऊन जातात. आपल्या गावात हे समजावून सांगायची गरज नाही पडत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, पण नाव आजही आहे ते दरबारामुळं नाही, शिकवलेल्यांमुळं आहे. देवल क्लबात आजही कुणी त्यांची जयपूर गायकी गायला बसलं की पुढं बसलेल्यांचे कान आपोआप सावध होतात.

ट्रॉम्बोनलाही तशी घराणी आहेत. अमेरिकेत रॉचेस्टरला ईस्टमन म्हणून कॉलेज आहे, तिथं एमरी रेमिंग्टन १९२२ पासून १९७१ मध्ये जाईपर्यंत शिकवत होते. मधली बरीच वर्षं तिथल्याच फिलहार्मोनिकमध्ये वाजवत पण होते, म्हणजे सकाळी वर्ग आणि रात्री स्टेज. त्यांची पोरं नंतर अमेरिकेतल्या कितीतरी ऑर्केस्ट्रात जाऊन बसली. त्यांची पद्धत म्हणजे गळा. ट्रॉम्बोन गायल्यासारखा वाजला पाहिजे, आणि शिकवताना ते स्वतः गाऊन दाखवायचे, विद्यार्थी वाजवतोय आणि हे शेजारी गातायत. आजही जगभर ट्रॉम्बोनवाले सकाळी जे लांब सूर भरतात त्यातले कितीतरी रेमिंग्टनचे म्हणूनच ओळखले जातात. मधल्या सुरातनं अर्धा सूर खाली जायचं, परत यायचं, मग एक सूर खाली, परत यायचं, असं सातव्या पोझिशनपर्यंत, म्हणजे स्लाइड पार बाहेर जाईपर्यंत. खर्ज भरणाऱ्याला ह्यात नवीन काय ते सांगा.

आणि बॉस्टन सिम्फनीत जोआनेस रोशू म्हणून ट्रॉम्बोनवाला होता, त्यानं बोर्दोनी नावाच्या एका इटालियन गायन शिक्षकाचे गळ्यासाठीचे धडे उचलून ट्रॉम्बोनसाठी बसवले, १९२८ ला छापले. अजून तेच चालतात सगळीकडं. म्हणजे हे एवढं पितळ, एवढा आवाज, आणि शिकायचं कुणाकडनं तर गवयाकडनं.

माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी स्लाइडवालाच देतो, पिस्टन नाही. टेनर ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर नऊ फुटांच्या आसपास भरते, आणि स्लाइड पूर्ण आत असताना नुसत्या ओठांच्या दाबानं सा, प, वरचा सा, मग ग, परत प असे सूर निघतात. हे सुरावटीचं गणित निसर्गाचंच, बटण-बिटण काही नाही. मग स्लाइड एकेक घर बाहेर काढली की अर्धा अर्धा सूर खाली. अशी घरं सात. स्लाइडवर कुठंही खूण नाही, आणि घरांचं अंतर पण सारखं नाही, पुढं जाईल तसं वाढत जातं, त्यामुळं हात कुठं थांबवायचा हे फक्त कान सांगतो. आणि ह्याच्यात आपल्या लोकांसाठी एक मजा आहे, पहिल्यापासनं सातव्या घरापर्यंत एका फुंकीत अखंड मींड येते, वरच्या सा पासून खाली तीव्र मध्यमापर्यंत. त्याच्या पलीकडं नाही, तिथं ओठानं तुटतं. पिस्टनवर अशी मींड निघतच नाही. मी पहिल्यांदा स्लाइडवर यमनची एक जागा घेतली तेव्हा आमच्यातला क्लॅरिनेटवाला म्हणाला, "हे वरातीत वाजवू नको, लोक नाचायचं थांबतील."

आमच्या बँडातलं शिकणं वेगळं होतं. कुणी धडा द्यायचं नाही. जुन्या माणसाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, तो काय वाजवतो ते ऐकायचं, सरगम वहीत उतरवून घ्यायची, आणि लग्नात जाऊन चुकायचं, मग मागनं टपली. त्यात पण दम आहे, ऊन, धूळ, भूक, चालत चालत तीन तास वाजवायचं, हे म्युनिकच्या कुठल्या प्रोफेसरला जमणार नाही बहुतेक. पण त्यात सूर सुधारायला कुणी थांबत नाही. चूक मोठ्यानं वाजवली की ती झाकून जाते एवढंच शिकतो माणूस, आणि ती सवय मोडायला मला फार वेळ लागला, अजून पूर्ण मोडलीय असं नाही.

तर ती मुलगी. हात लहान, सातवं घर पुरत नाही, सहाव्यालाच खांद्यातनं वाकते. पहिल्या आठवड्यात म्हणाली, "सर, मला जमंल का? घरात म्हणत्यात दम पुरणार न्हाई." मी सांगितलं दम हा ताकदीचा विषय नाही, ट्रॉम्बोनला जोर कमी आणि हवा जास्त लागते, जोराचा त्रास ट्रंपेटवाल्यांना. आणि हात पुरत नसेल तर त्यालाही इलाज आहे, ज्याला ट्रिगर म्हणतात तो, डाव्या अंगठ्याखाली एक चावी असते, ती दाबली की मागं गुंडाळलेली जादा नळी उघडते आणि सहाव्या घरातले सूर पहिल्याच घरात मिळतात. म्हणजे उंच माणसंच हे वाद्य वाजवतात हे पण खोटं. जे जे म्हणून आम्ही छाती, उंची बघून ठरवत होतो त्यातलं निम्मं एका अंगठ्याच्या चावीनं निकालात निघतंय.

ती सुरात चांगली आहे. पोरांच्यात मी मुद्दाम एकदा सगळ्यांकडं पाठ करून बसलो आणि एकेकाला एकच लांब सूर भरायला लावला. कुणाचा कुठला ते मला सगळ्यांचं ओळखू आलं, त्यामुळं प्रयोग म्हणून फुकट गेला, पण तिचा सूर सगळ्यात कमी हलत होता हे पाठमोरं बसल्यावर जास्त लक्षात आलं. समोरून बघताना मी तिच्या वाकलेल्या खांद्याकडंच बघत होतो इतके दिवस.

आता करिअरचं उत्तर. भारतात सिम्फनी म्हटलं की मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ साली सुरू झाला, त्यात बरेच वादक अजून परदेशातनं येतात, म्हणजे उलट बघितलं तर आपल्याकडं तयार माणसं कमी आहेत. फिल्म लाइनमध्ये एके काळी मोठी कामं होती, मोन्सोरेट भावंडांतला ब्लास्को मोन्सोरेट ट्रॉम्बोनवर आणि भाऊ ट्रंपेटवर, पंचमदांच्या रेकॉर्डिंगला अख्खं घरच ब्रासमध्ये. आता तिथं कीबोर्ड आणि कॉम्प्युटर. सरकारी नोकरी पाहिजे तर पोलीस बँड आहेत, सैन्याचे बँड आहेत, सैन्यातल्या वादकांना शिकवायला पचमढीला मिलिटरी म्युझिक विंगच आहे, तिथं नोटेशन वाचायला पक्कं शिकवतात, ही गोष्ट आमच्यातल्या कितीतरी चांगल्या वादकांकडं नसते आणि त्यावाचून त्यांचं अडतं. आणि उरलं शिकवणं. कोल्हापुरात गाणं, तबला, पेटी शिकवणारे गल्लोगल्ली मिळतील, स्लाइड ट्रॉम्बोन शिकवणारा शोधून दाखवा. म्हणजे जागा रिकामी आहे, पगार मात्र कुणी ठरवलेला नाही.

हे असं सगळं वडलांना दारात सांगणं शक्य नव्हतं. ॲबी कोनंटची गोष्ट थोडी सांगितली, कोर्टापर्यंत आलो तर त्यांनी मधेच विचारलं, "तेरा वर्षं केस? खर्च कुणी केला?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मग सरळ मुद्द्यावर आले, वाद्य किती पडतंय. मी म्हटलं आत्ता घेऊ नका, मेरठला बनलेला नवा घेतला तरी स्लाइड अडकते का ते बघून घ्यावं लागतं, आणि ट्रिगरवाला घ्यायचा तर चांगला सेकंडहँड मुंबईतनं शोधावा लागेल, तोवर माझा जुना घेऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा आठवड्यातनं तीन दिवस, ट्युशन सुटल्यावर. तिची आई मागं उभी होती, ती पहिल्यांदाच बोलली, म्हणाली घरात वाजवलं तर चालंल का. चालंल म्हटलं, पण शेजारच्या काकूंना आधी विचारून घ्या, खालचे सूर भिंतीतनं पलीकडं जातात.